बंधाऱ्याचे पाणी लिटरात सांगा

महाड-पोलादपुरात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि एप्रिल उजाडला की डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट बघत बसतात. ही रड जुनीच. पण वाचकहो, ग्रामसभेत बंधाऱ्याचा आराखडा वाचला जातो, तेव्हा त्यातला पाणीसाठा आपल्यापैकी किती जणांना कळतो? 'साठवण क्षमता २ टीसीएम' असे वाचले की माना डोलतात. कोयनेचे १०५ टीएमसी पेपरात वाचलेले असतात. आपल्या वाट्याला दोन आले, चला, बरं झालं!

अहो, टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. टीसीएम म्हणजे फक्त हजार घनमीटर. एका टीएमसीत २८ हजारांहून जास्त टीसीएम बसतात!

हिशेब अवघड नाही. दहा सेंटिमीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि उंच डब्यात एक लिटर मावते. मीटरभर लांब-रुंद-उंच हौदात असे डबे दहा नव्हे, शंभरही नव्हे, हजार बसतात. घोटाळा होतो तो इथेच. म्हणून १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, १ टीसीएम म्हणजे १० लाख लिटर, आणि धरणांच्या बातम्यांतला १ दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर.

आता गावाचे बघा. २०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर धरले. पाचशे माणसांना साठ दिवसांचे होतात साडेसोळा लाख लिटर, म्हणजे १.६५ टीसीएम. मग दोन टीसीएमचा बंधारा असताना टँकर का येतो? कारण कागदावरचा आकडा काठोकाठ भरलेल्या, गाळ न साचलेल्या बंधाऱ्याचा असतो. उतारावरचे पाणी सावित्रीला मिळायला कितीसा वेळ लागतो? मार्चअखेर उरते किती, ते त्या आकड्यावरून कळत नाही.

तेव्हा आराखडा पुढे आला की उठून विचारा, साहेब, लिटर किती? आणि १ एप्रिलला किती? बंधारा झालेला असेल तर टेप घेऊन स्वतःच जा. पाणी तीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सरासरी मीटरभर खोल भरले, तर ते ३०० घनमीटर, म्हणजे तीन लाख लिटर. पाचशे माणसांना जेमतेम अकरा दिवस, तेही गुरांचे न धरता.