आरोप आला असता

वाचकहो, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील एखादे गाव डोळ्यांपुढे आणा. भोवती भातखाचरे, देवळाचे तळे आणि गावाला मिळून एकच शाळा. तंजावर-कुंभकोणमच्या या परिसरात मराठी घरेही तीनशेहून अधिक वर्षे नांदत आली आहेत. अशा गावी शिक्षकावर सकाळी आरोप आला, की सायंकाळपर्यंत तो घरोघरी पोचतो. चौकशीपूर्वीच संस्थाचालकांची नजर बदलते. आणि मन म्हणू लागते, राजीनामा देऊन मोकळे व्हावे.

नेमके तेच करू नये. रागाच्या भरात दिलेला राजीनामा परत घेणे कठीण, आणि लोक त्याला कबुली समजतात. तेव्हाच्या औरंगाबादेतील एका प्राथमिक शिक्षिकेचे उदाहरण येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. खाजगी संस्थेने तिच्यावर आरोप ठेवून तिला निलंबित केले व २००७ साली कामावरून काढले. तिने मेमोंना लेखी उत्तरे दिली आणि शाळा न्यायाधिकरणाकडे अपील केले. २००९ साली बडतर्फी रद्द झाली. उच्च न्यायालयाने मागील पगार नाकारला. परंतु १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोही देवविला. अन्यायाने काढलेल्या माणसास नोकरी व मागील पगार मिळावा हाच सर्वसाधारण नियम, असे न्यायालयाने म्हटले. मात्र मधल्या काळात आपणास दुसरी कमाई नव्हती, हे त्याने आधी सांगितले पाहिजे.

म्हणून प्रत्येक पत्राचे उत्तर मुदतीत, संयमाने आणि लेखी द्यावे. त्याची नक्कल व पोच जपून ठेवावी. महाराष्ट्रात १९७७ च्या कायद्यानुसार हुकूम हाती आल्यापासून ३० दिवसांत अपील करावे लागते. तमिळनाडूत १९७३ च्या कायद्याची जागा आता २०१८ च्या कायद्याने घेतली आहे. तेथील शिक्षकांनी आपल्या मुदती त्यातच पाहाव्यात.

चौकशीला मात्र अपमान मानू नये. तक्रार मुलाची असेल, तर तिची चौकशी व्हावयासच हवी. आपली मागणी एवढीच असावी, की ती नियमाने व्हावी.

आणि घरच्यांनो, "खरे काय घडले?" हे एकदा शांतपणे विचारा, उत्तर पुरते ऐका. त्या शिक्षिकेला न्याय मिळण्यास सहा वर्षे लागली. एवढा काळ माणसाला तगवून धरावयाचे ते घरानेच.