नाव घेतल्याशिवाय मदत कशी मागायची?

संपादक महोदय,


गेलेल्या मुलाचा फोटो छापून त्याच्या नावाने देणग्या गोळा करणाऱ्या आईवडिलांवर टीका करणारं पत्र आपल्या गेल्या रविवारच्या अंकात वाचलं. दान गुप्त असावं आणि गेलेल्यात जीव न अडकवता माणसाने पुढे जावं, असं पत्रलेखकाचं म्हणणं आहे. माझा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. तेव्हापासून दर दिवाळीला आम्ही त्याच्या नावाने फराळ विकून पैसे उभे करतो. त्यामुळे उत्तर देणं मला भाग आहे. त्याचं नाव इथे देत नाही, कारण हे पत्र आमच्यासारख्या अनेक घरांच्या वतीने लिहिते आहे.

आधी गुप्तदानाचं बोलू. स्वतःच्या खिशातलं द्यायचं असेल तर गुप्तदान उत्तमच. पण एका घराच्या खिशातून किती निघणार? रक्ताच्या कर्करोगात मुलाचे उपचार दोन-तीन वर्षं चालू शकतात. औषधांचा खर्च सरकारी योजनांतून, ट्रस्टांकडून बऱ्याच अंशी भागतोही. पण परगावाहून आलेल्या कुटुंबाचं राहणं, जेवण, प्रत्येक तपासणीचा रेल्वेप्रवास आणि बापाचा बुडालेला रोज यांचं काय? परळला रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर आजारी पोराला मध्ये घेऊन झोपलेली कुटुंबं मुंबईकरांनी पाहिलेली आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा 2006 पासून कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा देणारी सेंट ज्यूड संस्था, ही कामं लोकांच्या पैशावर चालतात. लोकांकडे हात पसरायचा तर कारण सांगावं लागतं. आमचं कारण आमचा मुलगा आहे.

फराळाच्या दिवसांत सोसायटीतल्या बायका आमच्या स्वयंपाकघरात जमतात. चकल्या वर्तमानपत्रावर गार करायच्या, अर्ध्या किलोची पाकिटं वजन करून भरायची, तोंड बंद करायचं आणि वर त्याच्या नावाचं स्टिकर लावायचं. गिऱ्हाईक पाकीट हातात घेतं, नाव वाचतं आणि विचारतं, “हा कोण हो?” मग मी सांगते. लेगस्पिन टाकायचा. गणिताचा कंटाळा होता. वरणभातावर लिंबू नसेल तर ताटाला हात लावायचा नाही. एरवी मला हे कुणी विचारत नाही. मला त्रास होईल म्हणून नातेवाईक विषयच काढत नाहीत, आणि मी काढला तर समोरचा माणूस चहाच्या कपात बघू लागतो. शिधापत्रिकेवरून त्याचं नाव कमी करण्याचा अर्ज मला भरावा लागला, तो नियमच आहे. पण हळदीकुंकवाला कुणी “मुलं किती?” म्हणून विचारलं, तर मी दोनच सांगते.

पत्रलेखक म्हणतात तसं ‘पुढे जायचं’ म्हणजे नेमकं कुठे? दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध हे आपले विधी मुख्यतः मुलांनी आईबापांसाठी करायचे. आईबापांवर उलटी वेळ आली तर त्यांनी काय करायचं, याचं उत्तर त्यांत फारसं सापडत नाही. डबा, अभ्यास, दवाखाना, औषधांच्या वेळा यांत दिवस बुडालेला असतो आणि एका सकाळी करायला काहीच उरत नाही. आमच्या समुपदेशक बाईंनी मला डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1996 सालच्या ‘कंटिन्युइंग बाँड्स’ या पुस्तकाबद्दल सांगितलं होतं. मूल गमावलेल्या आईबापांबरोबर क्लास यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. गेलेल्या माणसाशी नातं तोडलं तरच दुःख सरतं, या समजाला त्या पुस्तकाने आव्हान दिलं. नातं टिकतं, त्याचं रूप बदलतं. मला हे कळायला पुस्तक लागलं नसतं, पण इतरांना पटवायला त्याचा उपयोग झाला.

आपल्या भोवतीच पाहा ना. अंधेरीत मरोळला भाजी विकणाऱ्या दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश जुलै 2015 मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर गेला. पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल आदळली, मागे बसलेला प्रकाश दगावला. तेव्हापासून हा बाप बांधकामावरचा राडारोडा, खडी, पेव्हर ब्लॉक गोळा करून खड्डे बुजवत आला. असे शेकडो खड्डे त्याने बुजवले. यात कुणाला प्रदर्शन दिसत असेल तर काय बोलावं? हिमाचलच्या टांडा वैद्यकीय महाविद्यालयात मार्च 2009 मध्ये रॅगिंगमध्ये अमन काचरूचा बळी गेला. त्याच्या वडिलांनी, राजेंद्र काचरू यांनी, अमनच्या नावाने ट्रस्ट काढला आणि ते देशभरच्या रॅगिंगविरोधी यंत्रणेसाठी झटले. शीव रुग्णालयात 1989 मध्ये मातृदुग्धपेढी सुरू करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांची मुलगी रोमिला कर्करोगाने गेली. मुंबईत असाध्य आजारांच्या रुग्णांना वेदनाशमनाची सेवा देणाऱ्या त्यांच्या केंद्राला आज रोमिलाचंच नाव आहे.

मात्र या आईबापांचे सत्कार करून मोकळे होणाऱ्यांवर माझा राग आहे. खड्डे बुजवणं भाजीवाल्याचं काम नाही, ते महापालिकेचं काम आहे. दादारावांना शाल-श्रीफळ देऊन पुढच्या पावसात तेच खड्डे तसेच राहणार असतील, तर तो सत्कार प्रकाशचा अपमान आहे.

पत्रलेखकांचा एक मुद्दा मला मान्य आहे. गेलेल्या मुलाच्या आठवणींत घरातलं दुसरं मूल झाकोळून जाऊ शकतं. आम्ही हे जपतो. मुलीच्या वाढदिवसाला देणगीचा विषय निघत नाही आणि फराळाच्या कामाला बसायचं की नाही, हे तिचं ती ठरवते. त्याची बॅट आम्ही शोकेसमध्ये ठेवलेली नाही. ती सोसायटीतल्या मुलांकडे असते, बाराही महिने वापरात. तिची ग्रिप फाटली की मुलगीच बदलून आणते.

हिशोबाबद्दलही पत्रलेखकांनी शंका घेतली आहे आणि ती रास्त आहे. भावनेच्या भरात लगेच स्वतःचा ट्रस्ट काढू नये, असं मी माझ्यासारख्या आईबापांना सांगेन. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, दरवर्षीचं लेखापरीक्षण हे सगळं निभावणं सोपं नसतं. त्यापेक्षा आधीच नीट चाललेल्या संस्थेसाठी पैसे गोळा करावेत. आम्ही फराळाचा जमाखर्च सोसायटीच्या सूचनाफलकावर लावतो, शेजारी संस्थेची पावती. कुणाला वेगळी देणगी द्यायची असेल तर ती थेट संस्थेच्या खात्यात जाते, आमच्या हातात रोख रक्कम येत नाही.

रुग्णालयांना आणि संस्थांना माझी एक मागणी आहे. देणगीच्या पावतीवर ‘कोणाच्या स्मरणार्थ’ असा रकाना ठेवा आणि वर्षातून एकदा त्या घराला दोन ओळींचं पत्र पाठवा. पैसे कशासाठी वापरले, किती मुलांच्या राहण्याची सोय झाली, एवढं कळवलंत तरी पुरे. त्या पत्रात आमच्या मुलाचं नाव लिहायला विसरू नका.

— एक आई, डोंबिवली