गोलरक्षकाची विद्या

१९६७ साली पीटर थंगराज यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलमधील गोलरक्षकाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि दुसरी वेळ येण्यास पुरी तीस वर्षे जावी लागली. १९९७ मध्ये तो गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या वाट्याला आला. मधल्या काळात आघाडीचे, मधल्या फळीचे आणि बचावाचे खेळाडू त्या यादीत येत राहिले, पण ज्याच्या दोन हातांवर सामन्याचा निकाल पुष्कळदा अवलंबून असतो त्याच्याकडे निवड करणाऱ्यांची दृष्टी वळली नाही. केवळ पुरस्कारांच्या यादीवरून खेळाची पारख करू नये, हे मला मान्य आहे. तथापि ज्या देशात गोलरक्षकाच्या गुणांची दखल घेण्यास एक पिढी खर्ची पडते, त्या देशात गोलरक्षक घडविण्याच्या विद्येची काय अवस्था असेल याचे अनुमान त्यावरून सहज करता येते. आणि ते अनुमान ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील मैदानांवर दररोज सायंकाळी खरे ठरताना दिसते.

डोंबिवलीच्या नेहरू मैदानावर, भागशाळा मैदानावर किंवा कल्याणच्या सुभाष मैदानावर पावसाळ्यात क्रिकेट थांबले आणि चिखलात फुटबॉल सुरू झाला, की पहिला प्रश्न उभा राहतो तो गोली कोणी व्हायचे हा. ज्याला धावता येत नाही, ज्याचे वय सर्वांत कमी आहे, किंवा जो त्या दिवशी उशिरा आला, त्याला दोन विटांच्या मध्ये उभे करण्यात येते. मुलांच्या आपसातील खेळात असे होणे स्वाभाविक आहे, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. दुःख आहे ते याचे, की शुल्क आकारून चालणाऱ्या प्रशिक्षणवर्गांतही, घोडबंदर रस्त्यावरील दिव्यांच्या झगमगाटातील टर्फवरही, गोलरक्षकाची निवड बहुधा याच न्यायाने होते. पंचवीस-तीस मुलांमागे एक प्रशिक्षक असतो, त्यांपैकी गोलरक्षक दोनच, आणि त्या दोघांसाठी स्वतंत्र माणूस नेमणे चालकाला परवडत नाही. परिणामी इतर मुले पास, ड्रिबल आणि नेमबाजी शिकत असताना हे दोघे बिचारे दुसऱ्यांच्या नेमबाजीचे लक्ष्य होऊन तासभर चेंडू अंगावर घेत राहतात. त्यांना कोणी पडायलासुद्धा शिकवीत नाही.

ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे चरित्र आपल्या जिल्ह्यातील वाचकांपुढे मांडावेसे वाटते ते यासाठीच. तळकोकणातून येऊन डोंबिवलीत आणि कल्याणात वसलेल्या कुटुंबांना गोव्याचे फुटबॉल परके नाही, आणि ज्या काळात फोर्टातील कचेऱ्यांमध्ये नोकरी करणारी मंडळी काम आटोपून कूपरेज मैदानावर रोव्हर्स करंडकाचे सामने पाहायला जात आणि मग रात्रीच्या लोकलने घरी परतत, त्या काळातील रसिकांना साळगावकर संघाच्या या गोलरक्षकाचे नाव आजही आठवत असेल. १९५४ साली ताळगावात जन्मलेला हा मुलगा गोव्यातील पनवेल स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागला, तेथून साळगावकर संघात आला आणि त्या एकाच संघाच्या गोलापुढे सतरा वर्षे उभा राहिला. क्लबांनी खेळाडू वर्षावर्षाला बदलण्याच्या आजच्या रिवाजात सतरा वर्षे हा आकडा पुन्हा एकदा वाचावा असा आहे. गोलरक्षकाचे आणि त्याच्यासमोरच्या बचावफळीचे नाते शब्दांवर फार थोडे आणि सहवासावर फार अधिक चालते. कोणत्या हाकेला कोणी मागे यायचे, चेंडू कोणत्या उंचीवर असता गोलरक्षक स्वतः पुढे सरसावणार आणि कोणत्या उंचीवर तो बचावपटूवर सोडणार, हा करारनामा कागदावर लिहिला जात नाही, तो वर्षानुवर्षे एकत्र चिखल तुडवूनच होतो.

संतोष करंडकाच्या इतिहासात गोवा प्रथम विजयी झाला तो १९८३ मध्ये, बंगालबरोबर संयुक्तपणे. आणि पुढल्याच वर्षी मद्रास येथे पंजाबचा १-० असा पराभव करून गोव्याने तो करंडक निर्विवादपणे आपलासा केला. एका गोलाने जिंकलेल्या सामन्याचे श्रेय वर्तमानपत्रे तो गोल करणाऱ्याला देतात, आणि ते देणे योग्यच आहे. पण तो एक गोल अखेरपर्यंत पुरला याचे श्रेय वेगळ्या ठिकाणी, गोव्याच्या गोलापुढे उभ्या असलेल्या शंखवाळकरांकडे, मोजावे लागते. याच सुमारास, १९८३ ते १९८६ या कालावधीत, भारतीय संघाचे नेतृत्व शंखवाळकर यांच्याकडे होते. गोलरक्षकाने कर्णधार व्हावे की नाही हा जुना वाद आहे. मैदानाच्या एका टोकाला उभा असलेला माणूस दुसऱ्या टोकाच्या आक्रमणाला कशी दिशा देणार, असा आक्षेप घेतला जातो. मला हा आक्षेप कधीच पटला नाही. बावीस खेळाडूंपैकी संपूर्ण खेळ सदैव आपल्यासमोर मांडलेला पाहणारे दोघेच असतात आणि ते दोघे गोलरक्षक असतात. इतर सर्वांच्या पाठीमागे काही ना काही घडत असते. इटलीने १९८२ साली विश्वचषक जिंकला तो चाळिशीतल्या गोलरक्षक दिनो झोफच्या नेतृत्वाखाली, आणि तोच झोफ पुढे प्रशिक्षक होऊन २००० साली इटलीला युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला, हे येथे सांगितले पाहिजे.

खेळणे थांबविल्यावर शंखवाळकर गोलरक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळले, भारतीय संघाच्या गोलरक्षकांना त्यांनी शिकविले, आणि पुढे गोवा फुटबॉल विकास परिषदेचे अध्यक्षपदही भूषविले. शासनाच्या साह्याने गावोगावी केंद्रे चालवून, तेथे प्रशिक्षकांना मुशाहिरा देऊन लहान मुलांना शिकविण्याचे काम ही परिषद करते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. या सर्व सन्मानांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्या केंद्रांचे काम, कारण ताळगावातील एका मुलाने अंगच्या गुणांवर आणि कष्टांवर जे मिळविले ते पुढच्या मुलाला रीतीने मिळावे, अशी तजवीज त्या कामात आहे.

गोव्याला ही परंपरा आपोआप मिळाली, असे कोणी समजू नये. ज्या पीटर थंगराज यांच्या नावाने हा लेख सुरू केला, ते खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर प्रशिक्षक होऊन आले ते गोव्यातच, वास्को स्पोर्ट्स क्लबमध्ये. हैदराबादचा हा उंचापुरा तरुण सैन्यात दाखल झाला तेव्हा आघाडीला खेळत असे. गोलरक्षक झाला तो पुढे. ते ज्या संघातून खेळत त्या मद्रास रेजिमेंटल सेंटरने १९५५ आणि १९५८ मध्ये ड्युरंड करंडक जिंकला. मेलबर्न आणि रोम या दोन ऑलिंपिकांत थंगराज भारतीय संघात होते. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत तापाने आजारी पडल्यामुळे त्यांची जागा प्रद्युत बर्मन यांनी सांभाळली. परंतु अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध प्रशिक्षक रहीम साहेबांनी थंगराज यांनाच उभे केले, आणि भारताविरुद्ध घोषणा देणाऱ्या त्या प्रचंड प्रेक्षकसमुदायापुढे भारताने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक घेतले. असा माणूस वास्कोच्या मैदानावर रोज सकाळी मुलांना दिसावा, त्याने चेंडू कसा धरला, पाय कसा ठेवला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे, याचा परिणाम कोणत्याही अहवालात नोंदविता येत नाही. तो पिढीच्या अंगवळणी पडतो. वास्कोनंतर थंगराज बोकारो पोलाद कारखान्याच्या मुलांना शिकवीत राहिले आणि २००८ मध्ये बोकारो येथेच त्यांचे देहावसान झाले.

दूरच्या मेक्सिकोत याच जातीचा एक महापुरुष होऊन गेला. आंतोनियो कार्बाहाल हा १९५० ते १९६६ या काळात लागोपाठ पाच विश्वचषक स्पर्धांत खेळणारा जगातील पहिला खेळाडू. रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलविरुद्ध चार गोल स्वीकारून त्याने आरंभ केला. विश्वचषकात एकूण अकरा सामने तो खेळला आणि त्यांत त्याच्यावर पंचवीस गोल झाले. आकड्यांवरच ज्यांची श्रद्धा आहे त्यांना ही कामगिरी अपयशाची वाटेल. परंतु १९६२ च्या ७ जून रोजी, आपल्या तेहेतिसाव्या वाढदिवशी, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध खेळताना पहिल्या काही सेकंदांतच गोल स्वीकारल्यावर या माणसाने पुढचा सगळा वेळ ज्या स्थिरतेने गोल राखला त्याचा विचार करावा. मेक्सिकोने तो सामना ३-१ असा जिंकला, आणि विश्वचषकातील मेक्सिकोचा तो पहिला विजय होता. हरलेला संघ पुढे त्याच स्पर्धेत उपविजेता ठरला. कार्बाहालच्या गोलात एकही चेंडू गेला नाही असा विश्वचषकाचा सामना एकच, आणि तो त्याचा अखेरचा, १९६६ मध्ये वेंब्ली येथे उरुग्वेविरुद्धचा. पुढे तो प्रशिक्षक झाला तो ज्या लेओन संघासाठी अखेरपर्यंत खेळला त्याचाच, आणि नंतर मोरेलिया येथे दीर्घकाळ एकाच संघाला शिकवीत राहिला. २०२३ मध्ये वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी तो वारला. पंचवीस वेळा जाळ्यातून चेंडू काढून पुन्हा उभे राहिलेला माणूस शिष्याला जे सांगू शकतो ते सदैव जिंकलेला माणूस सांगू शकत नाही. चूक झाल्यावर पुढच्या मिनिटात मन कोठे ठेवावे हे पुस्तकातून शिकविता येत नाही.

गोलरक्षणाची विद्या म्हणजे निव्वळ उड्या मारणे, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः उत्तम गोलरक्षकाला उडी मारण्याची पाळीच कमी येते. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच अशी ती चौकट एका माणसाने राखणे अशक्य आहे. म्हणून चेंडू घेऊन येणाऱ्याच्या दिशेने योग्य क्षणी दोन-तीन पावले पुढे सरून ती चौकट त्याच्या दृष्टीने अरुंद करणे, हे त्या विद्येचे पहिले सूत्र आहे. कुशीवर पडावे, कोपरावर पडू नये; चेंडूच्या मागे दोन्ही अंगठे जवळ आणून पंजा बांधावा; बाजूने उंच आलेल्या चेंडूसाठी बाहेर पडायचे ठरविले तर मध्येच थांबू नये. हे सर्व नवव्या-दहाव्या वर्षापासून शरीरात मुरावे लागते. त्यातच १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू हाताने घेण्यास मनाई झाली आणि थंगराज, कार्बाहाल यांच्या काळी नुसत्या हातांवर चाललेले काम पायांवरही येऊन पडले. २०२५ पासून तर आठ सेकंदांपेक्षा अधिक वेळ चेंडू हातात ठेवल्यास प्रतिपक्षाला कॉर्नर बहाल होतो. म्हणजे काम वाढले, विचाराला वेळ उरला नाही, आणि आमच्या मैदानांवर शिकविणारा मात्र अजूनही नाही.

आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा स्पेन आणि माली यांच्यातील उपांत्य सामना झाला, आणि २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तेथेच झाला. जगातील उत्तम कुमार गोलरक्षक आपल्या दारापर्यंत आले आणि गेले. त्यांच्याकडून घेण्यासारखे जे होते ते घेण्यासाठी आपली एकही यंत्रणा उभी नव्हती, याची खंत मला आजही वाटते.

उपाय फार खर्चाचा नाही. कल्याण आणि डोंबिवलीत रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांतून गोल राखलेले आणि आता सेवानिवृत्त झालेले लोक राहतात. त्यांतील काहींना सायंकाळी मैदानावर बोलाविले तर ते आनंदाने येतील, असा माझा इतबार आहे. आशियाई फुटबॉल महासंघाचे गोलरक्षक-प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. त्यांचे शुल्क महानगरपालिकांच्या क्रीडा विभागांनी भरावे आणि सनद मिळविलेल्या प्रशिक्षकाला मासिक मुशाहिऱ्यावर नेमावे. एका वर्गाला स्वतंत्र गोलरक्षक-प्रशिक्षक परवडत नसेल तर पाच वर्गांनी मिळून एक ठेवावा, आणि त्या पाचांतील दहा-बारा गोलरक्षक मुलामुलींना आठवड्यातून दोन दिवस डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलात एकत्र बोलावावे. टर्फच्या खरखरीत पृष्ठभागावर पडायला शिकणे म्हणजे गुडघे सोलून घेणे, तेव्हा या कामासाठी मातीचा किंवा गवताचा एक कोपराच राखून ठेवावा लागेल. ठाण्यासाठी अशीच व्यवस्था दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहाच्या आवारात करता येईल किंवा नाही, याचा विचार तेथील अधिकाऱ्यांनी करावा. आगामी अंदाजपत्रकात या एका बाबीची तरतूद व्हावी, अशी माझी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांना कळकळीची विनंती आहे. आणि गोव्याच्या परिषदेने आपली केंद्रे कशी चालविली, प्रशिक्षकांच्या नेमणुका कोणत्या अटींवर केल्या, हे दप्तर मागवून पाहण्यास पणजी काही लांब नाही.

— क्षेत्रपाल