कोळ्यांचं गाणं चालतं, मग साक्ष का चालत नाही?

कोळ्यांचं गाणं सगळ्यांना चालतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य हवं, पर्यटनाच्या जाहिरातीत कोळीण हवी, महोत्सवात तळलेला बोंबील हवा. पण तोच कोळी सरकारी सुनावणीत उभा राहून "इथे आमची जाळी लागतात" म्हणाला की त्याला विचारलं जातं, कागद आहे का?

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलं, त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागायचा आणि तो नाही म्हणून हक्कही नाही असं ठरवायचं, हा ब्राह्मणी व्यवस्थेचा जुना डाव आहे.

कोळ्याकडे काय असतं ते बघा. डोलजाळं प्रवाहाच्या जोरावर मासळी धरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, तेव्हा धंदा. अष्टमीच्या आसपास भांगाला ओढ मंदावते, तेव्हा जाळी दुरुस्त करायची. खडक कुठे, चिखल कुठे, खुंट कुठे टिकेल, कोणत्या वाऱ्यात होडी परत फिरवायची, हे बाप पोराला होडीवरच शिकवतो. हेच काम विद्यापीठाने केलं की ते संशोधन होतं आणि कोळ्याने सांगितलं की गप्पा होतात!

वरळीत काय झालं? कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये साधारण 60 मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. वरळी कोळीवाड्याचे मच्छीमार सांगत होते की वाऱ्या-लाटांत होड्या खांबांवर आदळतील, 160 मीटर द्या. महापालिका म्हणत राहिली, आहे ते पुरेसं आहे. शेवटी मच्छीमारांना होड्या घेऊन समुद्रात काम अडवावं लागलं. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने 120 मीटर अंतर मान्य केलं. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण जे अशक्य सांगितलं जात होतं ते शक्य झालं. त्यांचं म्हणणं पहिल्याच दिवशी पुरावा म्हणून का नोंदवलं गेलं नाही?

आता वाढवण. 1998 साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने हे बंदर नाकारलं होतं. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणीही झाली. समुद्रात भराव पडला की तिथल्या मासेमारीच्या जागा जातील आणि त्या जागांची नावंही फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरतील. ती माणसं गेली की "इथे कधी मासेमारी होतच नव्हती" असं लिहायला अहवालवाले मोकळे.

काही साथी विचारतील, कोळीवाड्यात आपली माणसं किती? बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, तेव्हा खोताखाली भरडली जाणारी कुळं महार होती तशी कुणबीही होती. बाबासाहेबांनी लढा फक्त जातीपुरता ठेवला नाही. आपण का ठेवावा?

पण कोळीवाड्यात जाताना डोळे उघडे ठेवूनच जायचं. फक्त पाटील आणि सोसायटीचा चेअरमन यांना विचारून आलात तर अर्धाच इतिहास हाती लागेल. होडी कुणाच्या मालकीची आणि तिच्यावरचा खलाशी कोण? मासळी सुकवणारी, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी बाई काय सांगते? हिशेबात तिचा वाटा किती? पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीतून पैसा कुणी कमावला आणि जाळं रिकामं कुणाचं राहिलं? हे प्रश्न टाळले तर आपणही गाणंच गोळा करू.

1919 साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या वतीने साक्ष दिली. आमच्याविषयी दुसऱ्यांनी बोलावं, हे त्यांना मान्य नव्हतं. तोच धडा इथे लागू आहे. कोळ्यांच्या वतीने आपण भाषण ठोकायचं नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. संमती घ्या, रेकॉर्ड करा, तारीख आणि ठिकाण लिहा, जाळ्यांच्या जागा त्यांच्याकडूनच नकाशावर मांडून घ्या. एक प्रत कोळीवाड्यात ठेवा. पुढच्या जनसुनावणीत कागद मागितला गेला की तो कागद त्यांच्याच हातात असला पाहिजे, त्यांच्याच शब्दांत.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. त्या शिकण्यात ऐकणंही आलं.

जय भीम!