कोर्स बदलू नका, पद्धत बदला

मोहल्ल्यातली मुलं विचारतात, "भाईजान, कोडिंगसाठी कोणता कोर्स लावू?" मी उलट विचारतो, "मागचा कुठे सोडलास?" बहुतेकांचे दोन-तीन कोर्स अर्धवट राहिलेले असतात आणि 'हे आपल्याला जमणारं नाही' असं त्यांनी ठरवूनही टाकलेलं असतं.

मला हे मान्य नाही. डोकं कमी पडत नाही, पद्धत चुकते. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. रिकाम्या स्क्रीनसमोर मात्र हात थांबतात.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सी भाषेत माझा एक सेमीकोलन राहिला. कंपायलर चूक पुढच्या ओळीवर दाखवत होता आणि मी सबंध संध्याकाळ तीच ओळ तपासत बसलो. चूक दाखवलेल्या ओळीच्या आधीची ओळही पाहायची, हे तेव्हापासून विसरलो नाही.

हिफ्ज करणारी मुलं रोज नवा सबक देतात, पण मागचे पारेही उस्तादांना ऐकवतात. नाहीतर पाठ केलेलं निसटतं. इथेही तेच करा. रोज अर्धा तास बसा. कालचा प्रोग्राम न बघता पुन्हा लिहा, मगच नवा धडा घ्या. थोडं जमलं की अब्बांच्या दुकानातल्या उधारीचा हिशोब पायथनमध्ये मांडा. अडलात तर एआयकडे उत्तर मागण्याआधी एरर स्वतः वाचा.

आणि घरात लॅपटॉप एकच असेल, तर त्यावर बहिणीचाही अर्धा तास ठरवा. शिकायचं तिलाही आहे.