गव्हर्नर काढलात, पण आतलं बदललंत का?

मागच्या रविवारची गोष्ट. गावातली चार-पाच पॉलिटेक्निकची पोरं शाळेच्या मैदानावर स्वतः बनवलेली गो-कार्ट पळवून बघत होती. इंजिन पॉवर वीडरचं, 7 एचपीचं, एकाच्या शेतातून आणलेलं. बातमी करायची म्हणून मीही मोबाईल घेऊन गेलो होतो. तिसऱ्या फेरीला खाडकन आवाज झाला आणि गाडी जागेवर थांबली. इंजिनाच्या अंगाला अंगठा जाईल एवढं भोक, खाली तेलाचं थारोळं. कनेक्टिंग रॉड तुटला आणि केसिंग फोडून बाहेर आला होता.

कुणाला खरचटलंही नाही. पोरं हसली, भोकासोबत सेल्फी काढले. मला हसू आलं नाही, कारण मैदानाच्या कडेला पंचवीस-तीस लहान मुलं उभी होती आणि मध्ये साधी दोरीसुद्धा नव्हती.

विचारलं, काय काय बदललंय? उत्तर तयार होतं. मोठा कार्बोरेटर, नवा एअर फिल्टर, सरळ सायलेन्सर, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग. आणि गव्हर्नर काढून टाकलाय. "आणि आत?" "आत काही नाही दादा, कंपनीचंच आहे."

माझा आक्षेप इथेच आहे.

मी इंजिनिअर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस. पण त्यानंतर दोन संध्याकाळी आमच्या लेथवाल्या मामांकडे बसलो आणि ही गोष्ट समजून घेतली. शेतीच्या या लहान इंजिनांना कंपनी साधारण 3600 आरपीएमचा लगाम घालते. तो लगाम म्हणजे गव्हर्नर. आतले रॉड आणि फ्लायव्हील त्याच वेगाच्या हिशोबाने बनवलेले असतात. बहुतेक इंजिनांत रॉड ओतीव ॲल्युमिनियमचा आणि फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं. ओतीव लोखंड दाब छान सोसतं, पण ताण त्याला सोसवत नाही.

आता साधं गणित करा. आरपीएम दुप्पट झाले की या भागांवरचा ताण दुप्पट नाही, चौपट होतो. 3600 वरून 5400 वर गेलात, म्हणजे वेग दीडपट, तर ताण सव्वादोन पट. फ्लायव्हील 18 सेंटिमीटर व्यासाचं धरलं, तर 3600 ला त्याची कड ताशी 120 किलोमीटरच्या पुढे धावते. 7200 ला तीच 240 च्या पुढे. ते फुटलं तर वरचं पातळ पत्र्याचं झाकण त्याला अडवणार आहे का? आणि कार्टमध्ये हे इंजिन कुठे असतं? चालवणाऱ्याच्या कमरेशी.

मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कंपनीची मऊ व्हॉल्व्ह स्प्रिंग वेग फार वाढला की दमते, व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीत आणि इंजिन आपोआप अडखळतं. म्हणजे गव्हर्नर काढला तरी एक शेवटचा लगाम उरतो. आमच्या पोरांनी कडक स्प्रिंग टाकून तोही सोडला, आणि रॉड मात्र जुनाच ठेवला.

आपली सवयच अशी आहे. जे दिसतं आणि ऐकू येतं, त्यावर आधी खर्च. सायलेन्सरचा आवाज गल्लीभर जातो, रॉड कुणाला दिसत नाही.

म्हणून क्रम उलटा करा. गव्हर्नरला हात लावायच्या आधी बिलेटचे, म्हणजे अखंड धातूच्या ठोकळ्यातून मशीनवर कोरून काढलेले, रॉड आणि फ्लायव्हील बसवा. कडक स्प्रिंग त्यानंतर. फ्लायव्हीलभोवती जाड लोखंडी गार्ड, आणि चालवणाऱ्याच्या हाताशी इंजिन बंद करायचा स्विच. कंपनीचं ओतीव फ्लायव्हील लेथवर खरडून हलकं करून घेऊ नका, ते आणखी कमजोर होतं. आणि हे सगळं केलं म्हणजे इंजिन अमर झालं असं नाही. चांगल्या भागांनाही मर्यादा असते, तिच्या आत राहा.

"एवढे पैसे कुठून आणायचे?" असं पोरं म्हणाली. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही सोपं आहे. पैसे नसतील तर गव्हर्नर जागेवर राहू द्या. तो कंपनीने बसवूनच दिलाय, फुकट आहे.

रस्त्यावरच्या नोंदणीच्या गाडीत परवानगीशिवाय असे बदल केले, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. मैदानावरच्या या कार्टला ना नंबरप्लेट, ना पासिंग. तिथे आरटीओ येणार नाही. तिथे आपणच बघायचं आहे.

बंदी घाला असं मी म्हणणार नाही. हाताला काळं लावून शिकणारी पोरं गावात आधीच कमी आहेत. पण मैदान देणाऱ्या शाळेने, बक्षीस देणाऱ्या मंडळाने आणि शिकवणाऱ्या सरांनी गाडी सुरू होण्याआधी एकच प्रश्न विचारावा: आत काय बदललंय? उत्तर "काही नाही" आलं, तर त्या दिवशी गाडी ढकलत घरी न्यावी. आणि प्रेक्षक दोरीच्या पलीकडे, लांब.

पोरांनी आता नवा रॉड मागवलाय. फ्लायव्हीलसाठी पैसे जमवतायत. तोवर कार्ट मामांच्या शेडमध्ये उभी आहे. गावात कुणाला मदत करायची असेल तर सायलेन्सरला नको, फ्लायव्हीलला करा.