कुंपणाच्या आतला चोर



वेचणीच्या दिवसांत सगळं घर रानात असतं. लहान पोर मागं कुणाच्या तरी भरवशावर राहतं. आपण बजावतो, 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस.' पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं एकच सांगतात: बलात्काराच्या १०० नोंदलेल्या प्रकरणांपैकी ९० हून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मास्तर, मुकादम. आपण कुंपण घालतो रानडुकरासाठी. शेंदरी बोंडअळी बोंडात बसून सरकी खाते आणि बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं.

गुन्हा उघडा पडला की गाव काय करतं? चार जाणती माणसं ओट्यावर बसतात. 'घरातलं घरात राहू द्या, पोरीचं लग्न व्हायचंय.' काही हजारांवर मिटवतात. पोरीची शाळा सुटते, ती मामाच्या गावी जाते. तो बाप्या दुसऱ्या दिवशी पारावर तंबाखू मळत बसतो. कापसाला क्विंटलमागे पन्नास रुपये कापले तर आपण रस्ता अडवतो. पोरीचा भाव मात्र आपणच ठरवतो!

मिटवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलामुलीवरचा असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बलात्काराच्या खटल्यात तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली बजावलं आहे.

पोर बोललं तर विश्वास ठेवा. 'तू तिथं गेलीच कशाला?' हा प्रश्न तोंडातून काढू नका. आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, तडक दवाखान्यात न्या. सरकारी असो वा खाजगी, उपचार मोफत द्यावेच लागतात; 'आधी पोलिसांचा कागद आणा' असं म्हणता येत नाही. १०९८ किंवा ११२ ला फोन करा. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. पोराचा जबाब घरी, साध्या वेशातल्या पोलिसानं घ्यायचा असतो. मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

पण आई गप्प का बसते, हेही समजून घ्या. सातबारा सामाईक, बैल सामाईक, विहिरीची पाळी दिराच्या हातात. ती बोलली तर पेरणी कोण करून देणार? इथं कायदा पुरत नाही, माणसं लागतात. तिच्या रानात औत आपण घालू. तालुक्याच्या कोर्टात तारखेला सोबत जाऊ. पोरीची शाळा सुटू देणार नाही. गावानं वाळीत टाकलं, तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा हातात आहे.

जिल्हा बैठकीत ठराव व्हावा: अशा मिटवामिटवीला आपला कार्यकर्ता बसणार नाही. बसायचंच असेल, त्यानं आधी छातीवरचा बिल्ला काढून ठेवावा.